पालुपद



सकाळच्या उपासनेत बाई स्तोत्र १३६ वाचायच्या. त्यात एकच पालुपद २६ वेळा येतं. आम्ही मागच्या बाकावर बोटांवर मोजत हसायचो. मूळ हिब्रू शब्द ‘हेसेद’, हे बाईंनीच सांगितलं होतं. म्हणजे करार केला म्हणून शेवटपर्यंत निभावलेली माया. इस्राएल लोकांनी करार वारंवार मोडला, तरी देव आपल्या शब्दाला जागला.

माझे यजमान गेले, तेव्हा दोन वर्षं मी चर्चची पायरी चढले नाही. प्रार्थनाच सुचेना. एका रात्री तेच पालुपद आपोआप ओठांवर आलं. मी हात सोडला होता, त्याने धरून ठेवला होता.

बाई, तेव्हा हसलो, त्याची आज माफी मागते.