शकुंतलेच्या रुळाकडचं गाव



आपलं गाव दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यातलं, काळ्या मातीचं. पावसाळ्यात पांदणीत पाय टाकला का गुडघ्याएवढा गारा. पण जवळून शकुंतला जायची ना! मूर्तिजापूर ते अचलपूर, 76 किलोमीटर, अडीच फुटी रूळ. कापूस वाहायले घातलेली गाडी. 1994 पर्यंत तिले वाफेचं इंजिन व्हतं. चाल अशी, का म्हातारा वारकरीही टाळ सांभाळत धावून चढे. मूर्तिजापूरले उतरलं का मोठी लाईन, तिथून पुढं पंढरीची वाट.

आता ती गाडी बंद. रुळावर बाभळी. डांबरी सडक आली, ऑटो आले, खरं आहे. पण त्याच सडकेनं पोट्टे पुण्याले गेले. गावात घरं आहेत, दाराले कुलपं आहेत. आमच्या दिंडीत पायी चालणारे बहुतेक साठीपुढचे. दोन वर्षं वीणेकऱ्याले बदली मिळाला नाही, एकट्यानंच वीणा वाहिली. पोरं एकादशीले थेट पंढरपुरात भेटतात, पाया पडतात, दुसऱ्या दिवशी परत. त्यायले काय बोलावं? सुट्टीच तेवढी.

यंदा आम्ही त्यायले एवढंच म्हटलं, शेवटचा मुक्काम तरी पायी या. नावं लिहून घेणं चालू आहे. वीणेसाठी दोन पाहिजेत.