मैदानावरील शोक

डहाणू तालुक्यातील गंजाड या गावाचे नाव शहरातील सुशिक्षित कुटुंबांना ठाऊक झाले ते एका चित्रकारामुळे. जिव्या सोमा म्हसे हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगावी, एका वारली कुटुंबात झाला; पुढे गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांचे सारे आयुष्य गेले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांची आई वारली. त्या आघाताने मुलाची वाचाच गेली. कित्येक वर्षे तो कोणाशी शब्दाने बोलत नसे. काही सांगावयाचे झाले म्हणजे खाली बसून बोटाने धुळीत चित्र काढी. एवढ्याशा जिवाला जे दुःख बोलून दाखविता येईना, ते त्याने मातीवर रेघांनी मांडले. माणसाच्या दुःखाला वाट हवी असते. एक वाट बंद झाली की ते दुसरी शोधते, हे समजून घेण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

हे झाले एका मुलाचे, एका आईसाठी. परंतु हजारो माणसे जेव्हा एकाच वेळी शोक करू लागतात, आणि तोही ज्यांच्याशी आपले रक्ताचे नाते नाही, ज्यांना जवळून कधी पाहिलेही नाही अशांसाठी, तेव्हा त्याचा अर्थ काय समजावयाचा? फुटबॉलच्या खेळात असे प्रसंग अनेकदा आले आहेत. एखादा खेळाडू मैदानावर कोसळतो, एखादे विमान पडते, एखाद्या प्रेक्षागारात चेंगराचेंगरी होते. आणि दुसऱ्या दिवशी मैदानाच्या दाराशी फुलांचे ढीग पडतात, कुंपणाला रंगीत गळपट्टे बांधले जातात, मेणबत्त्या लागतात, प्रौढ पुरुष भर रस्त्यात रडतात. वर्तमानपत्रात ती छायाचित्रे पाहून घरातील एखादे वडीलधारे माणूस हटकून विचारते, ‘अहो, हा शोक की शोकाचे प्रदर्शन? स्वतःच्या चुलत्याच्या बाराव्याला ज्यास सवड झाली नाही, त्याने चेंडू खेळणाऱ्यासाठी धाय मोकलून रडावे, हे सोंग नव्हे काय?’

प्रश्न कठोर आहे, तथापि अगदीच निराधार नाही. म्हणून त्याचे उत्तर घाईने न देता, काही घडलेल्या गोष्टींकडे पाहणे बरे.

पहिली गोष्ट गोव्याची. पणजीच्या डेंपो संघात २००४ साली क्रिस्तियानो ज्युनियर नावाचा पंचवीस वर्षांचा ब्राझिली खेळाडू होता. आदल्या हंगामात तो कोलकात्याच्या ईस्ट बेंगालकडून खेळला होता. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरव क्रीडांगणावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना डेंपो आणि मोहन बागान यांच्यात झाला. डेंपोने तो दोन गोलांनी जिंकला आणि दोन्ही गोल याच तरुणाचे होते. दुसरा गोल करीत असता त्याची व समोरच्या गोलरक्षकाची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि खेळाडू जमिनीवर पडला, तो पुन्हा उठला नाही. जयघोष आणि मृत्यू यांच्यात क्षणाचेही अंतर राहिले नाही. चषक गोव्यास आला, पण तो ज्याने मिळवून दिला तो आला नाही. डेंपो संघाने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा कायमचा बाजूस ठेवला. त्याच हंगामात हा संघ राष्ट्रीय लीगचा विजेताही झाला.

दूर ब्राझिलमधून आलेल्या या तरुणाबद्दल गोव्यातील माणसाला हळहळ का वाटावी? त्याचे उत्तर खेळाच्या स्वरूपातच आहे. कोल्हापुरास ज्यांनी शाहू क्रीडांगणावरील सामने पाहिले आहेत, त्यांना ते लगेच उमगेल. तेथील संघ म्हणजे तालमींचे संघ. आणि तालीम म्हणजे पेठ, पेठ म्हणजे घर. पाटाकडील तालीम हरली तर त्या गल्लीतील घराघरात त्या रात्री जेवण गोड लागत नाही. संघ हा तेथे करमणुकीचा विषय नसून आपलेपणाची खूण असते. वर्षानुवर्षे एकाच जागी, त्याच माणसांच्या शेजारी उभे राहून ज्याच्या नावाने घसा कोरडा केला, तो खेळाडू गेला म्हणजे त्या माणसाच्या आयुष्याचाही एक तुकडा गळून पडतो. तो रडतो ते केवळ मृतासाठी नव्हे. बापाचे बोट धरून पाहिलेल्या पहिल्या सामन्यासाठी, आणि आता हयात नसलेल्या त्या बापासाठीही रडतो. अशा अश्रूंना सोंग म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरी गोष्ट इटलीची. ४ मे १९४९ रोजी तोरीनोचा विख्यात संघ लिस्बनचा सामना आटोपून विमानाने परतत होता. तुरीन शहराजवळ आल्यावर धुक्यात ते विमान सुपेर्गा टेकडीवरील देवालयाच्या मागच्या भिंतीवर आदळले. एकतीस माणसे गेली. त्यांत त्या काळच्या इटलीतील सर्वांत बलाढ्य संघ जवळजवळ सबंध होता. अंत्ययात्रेला तुरीनच्या रस्त्यांवर पाच लाखांहून अधिक माणसे लोटली. हंगामाचे चार सामने उरले होते. तोरीनोने आपली कोवळी मुले उतरविली; तेव्हा प्रतिस्पर्धी संघांनीही आपापले मुख्य खेळाडू बाजूस ठेवून मुलांचेच संघ त्यांच्यासमोर आणले. शोकात सहभागी होण्याची याहून सभ्य रीत कोणती असेल? आजही दरवर्षी ४ मे या दिवशी संघाचा कर्णधार त्या टेकडीवर जातो आणि मृतांची नावे एकेक करून मोठ्याने वाचतो. तेथे व्याख्यान होत नाही, केवळ नावे उच्चारली जातात. ज्यांनी त्या खेळाडूंना पाहिले होते अशी पिढी आता जवळजवळ सरली. तरी ती नावे ऐकण्यास तरुण माणसे टेकडी चढून जातात.

तिसरी गोष्ट इंग्लंडची, आणि ती सर्वांत कटू आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांचा सामना होता. एका बाजूच्या कुंपणबंद कठड्यांत माणसांची प्रमाणाबाहेर दाटी झाली आणि चिरडून जे बळी गेले त्यांची संख्या अखेर ९७ झाली. त्यांतील शेवटचा जखमी २०२१ साली वारला. दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलचे मैदान लोकांसाठी उघडण्यात आले. माणसे मुकाट्याने रांगा लावून आत जात व फुले ठेवीत. पाहता पाहता गोलापासून मैदानाच्या मध्यापर्यंत फुलांचा गालिचा पसरला. त्याच शहरात एव्हर्टन हा दुसरा संघ आहे, आणि दोघांचे वैर पिढीजात. पण आठवड्याने दोन्ही मैदानांना जोडणारी गळपट्ट्यांची एक लांबच लांब माळ बांधण्यात आली, तीत निळे व तांबडे असे दोन्ही रंग शेजारी शेजारी होते.

येथवरचे चित्र हृदयस्पर्शी खरे. पण या शोकाची खरी कसोटी पुढे लागली. पोलिसांनी व काही वृत्तपत्रांनी दोष मृतांवर आणि त्यांच्या सोबत्यांवर ढकलला. प्रेक्षकच दारू पिऊन आले, त्यांनीच दार फोडले, असे सांगण्यात आले. ते खरे नव्हते. दार पोलिसांच्याच हुकमाने उघडण्यात आले होते. फुले वाळली, वर्तमानपत्रे दुसऱ्या विषयांकडे वळली, परंतु मृतांचे आप्त व त्या शहरातील सामान्य लोक दरवर्षी त्या तारखेस एकत्र जमत राहिले आणि न्यायाची मागणी करीत राहिले. अखेर सत्तावीस वर्षांनी, २०१६ साली, ज्यूरीने निर्णय दिला की ते मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे होते आणि प्रेक्षकांचा त्यांत काही दोष नव्हता. लोक त्या फुलांभोवती जमले नसते, तर ते खोटेपण कदाचित कायमचे इतिहासात बसले असते. ज्याला कोणी प्रदर्शन म्हणेल, त्या प्रदर्शनानेच सत्याची राखण केली.

चौथी गोष्ट आपल्याच देशातील. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बेंगाल व मोहन बागान यांचा सामना चालू होता. मैदानावरील खेळाडूंच्या चकमकीने प्रेक्षकांत मारामारी पेटली, पळापळ झाली आणि सोळा माणसे प्राणास मुकली. घरून खेळ पाहण्यास निघालेली ती माणसे. कोणत्या रंगाचा झेंडा त्यांच्या हाती होता, हे मृत्यूने विचारले नाही. तेव्हापासून हा दिवस बंगालमध्ये फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी रक्तदान केले जाते. मैदानात सांडलेल्या रक्ताचे स्मरण रक्त देऊन करावे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला शोकाचा अर्थ नीट कळला होता, असे म्हणावे लागते.

अर्थात या चित्राला काळी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. जमावाचे दुःख फार लवकर रागाचे रूप घेते, आणि राग कोणातरी एकाला धरू पाहतो. गोलरक्षकाची टक्कर झाली की तो खुनीच, असे म्हणावयास जमावाला विलंब लागत नाही. त्याच्याही मनावर जन्माचे ओझे पडले असेल, हा विचार नंतर सुचतो. दुसरे असे की शोकात चढाओढ शिरते. आमच्या मैदानावर फुले अधिक, तुमच्याकडे कमी. जो रडत नाही तो परका. ज्याने गळपट्टा बांधला नाही तो द्रोही. शोक ही सक्ती झाली की तो शोक उरत नाही, कवायत होते. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही की, इंग्लंडातील मैदानांवर प्रतिपक्षाच्या मृतांची टवाळी करणारी गाणीही गाइली गेली आहेत. म्युनिकच्या विमान अपघातात ६ फेब्रुवारी १९५८ रोजी मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू आणि इतर मिळून तेवीस माणसे गेली. त्यांच्या नावानेही अशी चेष्टा झाली. आपल्या मृतांसाठी हुंदका आणि दुसऱ्याच्या मृतांसाठी हसू, असे ज्या मनात एकत्र नांदते, त्या मनातील हुंदकाही तपासून घ्यावा लागेल.

तेव्हा कसोटी कोणती? डोळ्यांतील पाणी मोजून हे ठरणार नाही. फुलांच्या राशीवरूनही नाही. महाराष्ट्रात याचे एक उत्तर प्रतिवर्षी डोळ्यांपुढे येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रतीरी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेस लाखो माणसे खेड्यापाड्यांतून चैत्यभूमीवर येतात. ती फुले वाहतात, रांगेत तासन्‌तास उभी राहतात. आणि परतताना शिवाजी पार्काच्या परिसरातील दुकानांतून पुस्तके विकत घेऊन जातात. खेळाडूचा शोक आणि अशा महापुरुषाचा शोक यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. दाखवावयाचे ते इतकेच की, जमावाचा शोक घरी परतताना हातात काय घेऊन जातो, यावरून त्याचे मोल ठरते. तुरीनचे लोक नावे घेऊन परततात, कोलकात्याचे रक्त देऊन, लिव्हरपूलचे लोक सत्तावीस वर्षांची चिकाटी घेऊन परतले. ज्या शोकातून मृताविषयी काही कर्तव्य निपजते तो खरा. ज्यातून केवळ स्वतःविषयीचे कौतुक निपजते तो पोकळ.

म्हणूनच त्या वडीलधाऱ्या माणसाचा प्रश्न अगदी टाकून देण्याजोगा नाही. चुलत्याच्या बाराव्याला न जाणारा तरुण मैदानाच्या दाराशी रडत असेल, तर त्याला हसण्यापेक्षा एवढे विचारावे की, ‘बाबा रे, येथे तुला रडावयास जमले, तसे घरी का जमले नाही?’ कदाचित उत्तर असे येईल की घरी रडण्याची रीत त्याला कोणी दाखविलीच नाही. आपल्याकडील जुन्या चालीरीतींत शोकाला वेळ, जागा आणि माणसे नेमून दिलेली असत. कोणी कोणत्या दिवशी यावे, काय आणावे, किती वेळ बसावे, हे सारे ठरलेले असे. शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती घडी मोडली, आणि नवी अद्याप बसली नाही. मैदान तेवढे उरले आहे, जेथे पुरुषाने मोठ्याने ओरडले तरी चालते आणि रडले तरी चालते. दोष असलाच तर तो मैदानाचा नाही; इतर सर्व ठिकाणी आपण दारे लावून घेतली, त्याचा आहे.

गंजाडच्या त्या मुलाला पुढे वाचा परत आली. मातीवर रेघा ओढणारे त्याचे बोट मात्र थांबले नाही. वारल्यांत लग्नाचे चौक लिहिण्याचे काम परंपरेने स्त्रियांचे. जिव्या म्हसे यांनी ती कला रोजच्या जीवनात आणली, आणि तांदळाच्या पांढऱ्या पिठाने काढलेली त्यांची माणसे, झाडे आणि मासे धरण्याची जाळी देशोदेशी गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते वारले. सात वर्षांच्या पोराला धुळीत बोट फिरविताना पाहून कोणी म्हटले असेल, आई गेली आणि हा खेळतो आहे. त्याला दुरून पाहणाऱ्यास दुसरे काही दिसणे कठीणच होते. मैदानाच्या कुंपणाला गळपट्टा बांधणाऱ्या माणसाकडे पाहताना निदान एवढे स्मरावे, की दुःखाची प्रत्येक लिपी पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी वाचता येत नाही.