पहाट इथली, संध्याकाळ तिकडची

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेले लाइव्ह स्ट्रीमर मित्र-मैत्रिणींनो, तिरोडा तालुक्यातील ग्रामस्थहो, आणि या क्षणी पडद्यापलीकडून आपल्याला पाहणाऱ्या दूरदेशीच्या पाहुण्यांनो,

बोदलकसा तलावाच्या काठावर स्वागताध्यक्ष या नात्याने मी आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो.

आज सकाळी ज्या पाळीवरून आपण चालत आलात, ते मातीचं धरण 1917 साली पूर्ण झालं. पलीकडच्या डोंगरांमागे नागझिऱ्याचं जंगल आहे. गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. इथल्या कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. त्यांना आपण आज मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. त्या पूर्वजांनी पाणी अडवलं, आणि उताराचा अंदाज घेत ते एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पोचवलं. तलाव जागेवर राहिला, पाणी मात्र दूरच्या शेतापर्यंत गेलं. आपल्या संमेलनाचा विषय आहे, आशियातल्या आपल्या गावातून जगभरचा प्रेक्षक कसा मिळवायचा. मला वाटतं, त्याचं उत्तर या पाळीवर उभं राहिलं की दिसतं.

मित्रहो, ‘लाइव्ह’ हा शब्द नवा असेल, पण ती गोष्ट आपल्या या झाडीपट्टीला नवी नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक लागतं. देसाईगंज वडशाच्या मंडळ्या होळीपर्यंत फिरत असतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत माणसं थंडीत, अंगावर शाल घेऊन बसतात. नट समोरच्या गर्दीचा श्वास ओळखतो. टाळी आली की थांबतो, माणसं चुळबुळली की प्रवेश आवरता घेतो. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांचाच ऊर भरून आला. चॅटमध्ये आलेलं नाव मोठ्याने वाचून तुम्ही त्याला उत्तर देता, तेव्हा तुम्ही त्याच परंपरेतलं काम करत असता.

आता एक माझा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी या तलावावरून लाइव्ह यायला लागलो. संध्याकाळी सातला बसायचो, कारण तीच आपल्या सोयीची वेळ. बघायला गावातलीच चार पोरं. न्यू जर्सीतली माझी भाची एकदा म्हणाली, “मामा, तुमचे सात वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेआठ असतात. मी गाडीत असते.” मग त्याच हिवाळ्यात मी पहाटे साडेसहाला आलो. तेव्हा न्यूयॉर्कला आदल्या दिवशीच्या रात्रीचे आठ वाजलेले असतात, कॅलिफोर्नियात संध्याकाळचे पाच आणि सिडनीत दुपारचे बारा. जेवणं आटोपून माणसं निवांत बसतात, त्या वेळेला आपल्याकडे तांबडं फुटत असतं. पाखरांची सर्वात चांगली वेळ आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकाची सर्वात मोकळी वेळ एकच! आशियात राहण्याची अडचण समजून मी जिच्याकडे पाहत होतो, ती आपली ठेव निघाली.

त्या पहिल्या पहाटे मोबाइल पळसाच्या फांदीला गमछ्याने बांधला होता. पाण्यावर धुकं होतं. मी उत्साहाने बोलत सुटलो, तर भाचीने लिहिलं, “मामा, जरा थांबा ना. मला आवाज ऐकायचाय.” मी गप्प झालो. तेवढ्यात अडई पक्ष्यांचा थवा शीळ घालत डोक्यावरून गेला. ब्राझीलच्या एका अनोळखी माणसाने विचारलं, हा कोणता पक्षी? मी आधी ‘अडई’ असं लिहिलं, मग त्याचं इंग्रजी नाव, मग ‘अडई’चा उच्चार करून दाखवला. आज तो माणूस ‘अडई आली का?’ असंच विचारतो. म्हणून माझी विनंती आहे: आपली बोली सोडू नका. पण पाहुण्याला बसायला पाट द्या. ठरलेली वेळ पाळा, खाली दोन ओळी इंग्रजीत द्या, आणि भांडखोरांना आवरणारा एक मॉडरेटर जवळ ठेवा.

आता प्रक्षेपण तुटण्याबद्दल. 2020च्या टाळेबंदीत नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यूट्यूबवर थेट खेळायला बसले. विनोदवीर समय रैना यांच्याबरोबरच्या त्या प्रक्षेपणांनी असंख्य तरुणांना बुद्धिबळाच्या पटाकडे ओढलं. त्याच वर्षी 30 ऑगस्टला ऑनलाइन ऑलिम्पियाडची अंतिम फेरी झाली, आणि भारताचे कर्णधार विदितच होते. नागपूरची दिव्या देशमुख तेव्हा अवघी 14 वर्षांची. ऐन डावात तिचं आणि निहाल सरीनचं इंटरनेट तुटलं, घड्याळ संपलं. इंटरनेट सेवा जगभर अडखळल्याचं स्पष्ट झाल्यावर जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्णपदक दिलं. तीच दिव्या 28 जुलै 2025 रोजी बातुमीत महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. जंगलाच्या कडेला आपलीही रेंज जाते, अपलोड रखडतं, वीज जाते. दुसरं सिमकार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी जवळ ठेवा. आणि तरीही तुटलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत या. प्रेक्षक तुमच्या परत येण्यावर विश्वास ठेवतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत घरटं करतो आणि आमचा शेतकरी ते राखतो. अशा घरट्यावरून लाइव्ह येऊन जागा सांगितली, तर तासाभरात तिथे गाड्या उभ्या राहतील. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. गेम खेळणारी मुलं प्रतिस्पर्ध्याला आपली जागा कळू नये म्हणून प्रक्षेपण काही मिनिटं मागे ठेवतात. तीच युक्ती जंगलासाठी वापरा, आणि इथे ती मिनिटांची नको, दिवसांची असू द्या. घरटं उठेपर्यंत चित्रण आपल्याजवळच राहू द्या. जगाला बोलावताना घरच्या जिवाला धक्का लागता कामा नये.

आमची व्यवस्था साधी आहे. जेवणात इथल्याच तांदळाचा भात आणि तलावातली मासळी आहे, निजायला सतरंज्या आहेत. गावातल्या मायमाउलींनी आणि तरुणांनी चार दिवस खपून हे उभं केलं आहे. त्यांचे मी जाहीर आभार मानतो. काही उणं राहिलं असेल, तर पोटात घाला.

उद्या पहाटे साडेसहाला आपण सगळे पाळीवर जमणार आहोत. कॅमेरा सुरू होईल आणि पहिली दहा मिनिटं कुणीही एक शब्द बोलायचा नाही. माझी भाची आणि तिच्यासारखे कितीतरी जण रात्रीचं जेवण आटोपून कान लावून बसलेले असतील. त्यांच्याशी आधी बोदलकसाला बोलू द्या.