धावताना वाढणारे ठोके

धावताना स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो, म्हणून हृदयाचे ठोके वाढतात. स्वस्थ बसलेल्या प्रौढाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. कमाल ठोक्यांचा अंदाज २२० मधून वय वजा करून काढतात. चाळिशीच्या माणसासाठी तो १८० येतो. ही केवळ सरासरी आहे. निरोगी माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

मनगटावरचे घड्याळ कधीकधी पावलांची लयच ठोके म्हणून मोजते. शंका आल्यास थांबून १५ सेकंद नाडी मोजावी आणि चारने गुणावे.

उकाडा, अंगातले पाणी कमी होणे, अपुरी झोप यांमुळे नेहमीच्याच वेगाला ठोके जास्त पडतात. तापात तर धावूच नये. ठोक्यांची ही वाढ आठवडेच्या आठवडे टिकली, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावे. स्त्रियांमधल्या रक्तक्षयाकडे फार दुर्लक्ष होते.

आकड्यापेक्षा ठोक्यांची चाल अधिक सांगते. हळूहळू चढणे आणि थांबल्यावर हळूहळू उतरणे स्वाभाविक आहे. ठोके एका क्षणात भरधाव होणे, तसेच अचानक पूर्ववत होणे किंवा वेडेवाकडे पडणे, हा हृदयातील विद्युत-वहनाचा दोष असू शकतो. नंतर काढलेला ईसीजी निर्दोष येऊ शकतो. म्हणून डॉक्टर २४ तास नोंद ठेवणारे होल्टर यंत्र लावतात.

धावताना छातीत दुखले, जबड्यात किंवा हातात कळ गेली, शुद्ध हरपली किंवा विश्रांतीनंतरही धाप ओसरली नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असल्यास धावण्याचा सराव सुरू करण्यापूर्वीच हृदयाची तपासणी करून घ्यावी.