ज्यांनीं नगर बांधिलें



आज मी तुम्हांस एका दूरच्या नगराची हकीकत सांगणार आहें. तें नगर म्हणजे ब्राझीलची राजधानी ब्राझीलिया. अध्यक्ष कुबिचेक यांच्या इच्छेनें, लुसिओ कोस्ता यांच्या आराखड्याप्रमाणें व ऑस्कर नीमायर यांच्या कल्पकतेनें तें उभें राहिलें, असें आपण वाचतों. तें खरेंच आहे. परंतु आराखडा कांहीं घमेलीं उचलीत नाहीं.

३ मे १९५७ रोजीं कार्डिनल मोत्ता यांनीं तेथील उघड्या माळावर पहिली मिस्सा अर्पण केली, आणि २१ एप्रिल १९६० रोजीं राजधानीचें उद्घाटन झालें. मधल्या काळांत रात्रंदिवस खपणारे मजूर अवर्षणानें गांजलेल्या ईशान्य भागांतून, तसेंच गोयास व मिनास प्रांतांतून आले होते. 'कांदांगो' म्हणून त्यांस हिणवीत. पुढें तोच शब्द बहुमानाचा झाला.

काम संपलें कीं हे लोक आपापल्या गांवीं परततील, असें वरच्यांनीं गृहीत धरिलें होतें. मंत्र्यांच्या कचेऱ्यांना आराखड्यांत जागा होती. गवंड्याच्या बिऱ्हाडाला नव्हती. 'मुक्त नगर' नांवाची त्यांची लांकडी वस्ती उद्घाटनानंतर मोडावयाची होती. पण पोराबाळांसह आलेला माणूस जाईल कोठें? ते अडून बसले, आणि १९६१ सालीं ती वस्ती कायद्यानें कायम करावी लागली.

२०११ सालीं संसदभवनांतील गळती शोधतांना भिंतीआड बंद झालेल्या जागेंत १९५९ सालच्या मजुरांनीं लिहिलेल्या ओळी सांपडल्या. उद्यां येथें येणाऱ्यांनीं आमच्या लेकरांवर दया करावी आणि कायदा पाळला जावा, अशी एकाची विनवणी होती. त्या पिढीचीं लेकरें वाढत होतीं तोंच, १९७१ सालीं, झोंपड्यांतून सुमारे ८०,००० माणसें उचलून दूरच्या माळावर नेलीं. त्या वस्तीचें नांव सैलांदिया. त्याचा पूर्वार्ध 'अतिक्रमण-निर्मूलन मोहीम' ह्या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांच्या आद्याक्षरांचा आहे. लेकराच्या गांवाला असें नांव! ह्याहून कठोर नामकरण मला ठाऊक नाहीं.

१९८७ सालीं युनेस्कोनें ब्राझीलियास जागतिक वारसा ठरविलें, तें तेथील रेखीव रचना व काँक्रीटच्या भव्य इमारती पाहून. मजुरांचा वारसा लांकडाचा. तो टिकविणें अधिक कठीण. १९५७ सालचें त्यांचें इस्पितळ आतां त्यांच्या स्मृतीचें संग्रहालय आहे. व्हिला प्लानाल्तो ह्या मजूरवस्तीस १९८८ सालीं संरक्षण मिळालें. तेथील पाँपेईच्या रोझरी मातेचें लांकडी देऊळ २००० सालीं आगींत भस्म झालें. तें पुन्हां उभें राहिलें आहे.

आपल्या ज्युबिली-पुस्तिकेसाठीं देणगीदारांची यादी तयार झाली आहे. आपल्या देवळासाठीं खपलेले गवंडी, सुतार, घमेलीं वाहणाऱ्या बाया, यांची यादी अजून कोरी आहे. ज्यांना आपल्या आजा-पणजाचें वा आजीचें नांव माहीत असेल, त्यांनीं तें येत्या रविवारीं मिस्सेनंतर मजकडे लिहून द्यावें.