मोरीपासून मॅनहोलपर्यंत
(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



अर्थशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षे ‘बाह्य खर्च’ ही संकल्पना शिकवली. लाभ एकाचा आणि किंमत मोजणारा दुसराच, असा तिचा अर्थ. उदाहरण म्हणून कारखान्याचा धूर सांगत असे. त्याहून जवळचे उदाहरण माझ्या घराच्या मोरीत होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गृहसंस्थेची ड्रेनेजची वाहिनी तुंबली. सभेपुढे दोन दरपत्रके आली, एक यंत्राचे आणि एक माणसांचे. माणसांचे स्वस्त होते. त्यासाठी वर झालेल्या हातांत माझाही हात होता. दोन तरुण आत उतरले आणि सुखरूप वर आले. त्यात आमचे काहीच श्रेय नव्हते.

त्यांनी बाहेर काढले ते आमचेच होते. तळणीचे तेल नळात थिजते, त्यात चिंध्या, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक अडकते आणि प्रवाह थांबतो. साचलेल्या मैल्यातील प्राणवायू संपला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेहून जड असल्याने तळाशी साठतो. प्रथम सडक्या अंड्यांचा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते. उतरलेल्याला वाटते, वायू गेला. याच वायूपासून नळात जिवाणूंमुळे गंधकाम्ल बनते आणि काँक्रीट झिजते.

उतरणारा माणूस बहुधा कोणत्या जातीचा असतो, हे येथे सांगावयास नको. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटार व सेप्टिक टँक साफ करवून घेण्यास मनाई केली. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख, तर २०२३ साली ३० लाख रुपये भरपाई ठरविली. रक्कम वाढली, मृत्यू थांबले नाहीत.

यात नगरपालिका सुटतात काय? मुळीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांनुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. यंत्र महाग आणि माणूस स्वस्त, हा हिशेब बाजाराने मांडला खरा, पण तो शक्य केला जातिव्यवस्थेने.

म्हणून आपले काम दुहेरी आहे. घरात मोरीला जाळी बसवावी, तेलकट भांडी आधी पुसून घ्यावीत, पावसाचे पाणी मैलावाहिनीत सोडू नये. भुयारी गटार नसलेल्या गावात न्हाणीच्या पाण्यासाठी शोषखड्डा खणावा. वॉर्डात मात्र अंदाजपत्रक हाती घेऊन विचारावे, सफाईच्या यंत्रांसाठी तरतूद किती आणि खर्च किती? कंत्राटदार माणूस उतरवीत असेल तर काम तेथेच थांबवावे.

आणि पुढच्या सभेत स्वस्त दरपत्रक आले, तर हात वर करण्यापूर्वी एवढेच विचारा, हे स्वस्त कोणाच्या जिवावर?