विंचवाचे विष आणि आपले मज्जातंतू

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही गिरणीत साच्यावर उभे राहिलेली माणसं. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, खोलीतल्या दिव्याखाली. अशांनी मेंदू आणि मज्जातंतूंवर बोलायचं म्हटल्यावर काहीजण हसतील, हसू द्या. पण महाड-पोलादपूरच्या माणसाला हा विषय परका नाही. तो आपल्या भाताच्या पेंढ्यात, कौलाखाली, लाकडाच्या ढिगात नांगी वर करून बसलेला आहे.

लाल विंचू चावलेलं पोर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेलं असेल. घामानं निथळतं, ओकतं, लाळ गळते. हातपाय गार पडतात, डोळे भेदरतात, एका जागी ठरत नाही. मग म्हातारी माणसं म्हणतात, "ह्याला भायेरचं लागलं," आणि देवऋष्याला हाक जाते. त्यांना तरी काय बोलणार? जे दिसलं त्याला द्यायला त्यांच्याजवळ तेवढंच नाव होतं.

प्रत्यक्षात घडतं ते असं. मज्जातंतूमधून निरोप धावतो तो विजेच्या रूपाने. तंतूच्या आवरणाला अतिसूक्ष्म दारं असतात. दार उघडलं, सोडियम आत शिरलं, की निरोप पुढे सरकतो. दार मिटलं की तंतू विसावतो. विंचवाचं विष हे दार मिटू देत नाही. साच्याचं हँडल चालूवरच अडकलं तर काय होतं, हे साचेवाल्याला सांगायला नको! आधी घाम, लाळ, उलटीचे तंतू सुटतात. मागोमाग भीतीच्या वेळी चेतणारे तंतू पेटतात. ॲड्रेनालिन आणि त्याच्या जातीची रसायनं रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. त्या दाबाविरुद्ध ओढून ओढून काळीज थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं आणि माणूस गुदमरतो.

अंधारात पायाशी सळसळ झाली तर आपल्यालाही दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते. तंतू तेच, रसायनंही तीच. पोराची तळमळ आणि ती भेदरलेली नजर याच तंतूंचं काम आहे. भूत त्यात कुठे येतं?

हे कोडं सुटलं ते आपल्याच तालुक्यांत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारवा टिपून ठेवला. १९८२ मध्ये त्यांच्या नोंदी विलायतेच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. पुढे प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली. ॲड्रेनालिनची जातवाली रसायनं रक्तवाहिनीला जिथे धरतात, ती जागाच ही गोळी अडवते. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. पूर्वी गंभीर रोग्यांत शंभरातले २५-३० दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी याही संशोधनात बरोबरीनं होत्या, हे आपण पुरुष मंडळी सांगायला विसरतो.

मग देवऋष्याकडे गेलेला बरा कसा होतो? मोठ्या काळ्या विंचवाचं विष बेताचं. त्याची कळ काही तासांनी आपसूक उतरते, आणि विंचू उतरवल्याचा मान मंत्राला मिळतो. लाल विंचू असला तर मात्र तेच तास जीवावर बेततात. चावणारा कुठला ते रात्री कोण पाहत बसतो? २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलेलं आहे. पण आमच्या मते देवऋष्याशी भांडण्यापेक्षा त्यालाच सांगावं: बाबा, तू गाडीत बसून मंत्र म्हण, पण गाडी आधी दवाखान्याकडे जाऊ दे.

आता कामाचं. कापड्याच्या पलीकडच्या वाड्यांतून रात्री खाली यायचं तर गाडीची वानवा. तरुण मंडळानं जीपवाल्यांचे नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावेत. सरकारी दवाखान्यात ही गोळी आणि विंचवाची लस शिल्लक आहे का, ते दर महिन्याला दोघांनी जाऊन विचारून यावं. भातकापणीच्या आधी हे व्हायला हवं. नावं द्यायची असतील त्यांनी कार्यक्रम संपल्यावर इथेच थांबावं.